कुळ एक, पूर्वज १०२४

कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीवरचं जोतिबाचं आजचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलं. एक पिढी तीसेक वर्षांची धरली, तर तेव्हापासून आजवर साधारण दहा पिढ्या झाल्या. आता उलटं मोजत जाऊ. आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, पणज्या-पणजोबा आठ. दर पिढीला दुप्पट. दहाव्या पिढीला आकडा येतो १०२४.

या १०२४ जणांतला कुळाच्या हिशेबात धरला जातो तो एकच. ज्याचं आडनाव आपण लावतो, तो. कुलदैवत त्याच्याच वाटेनं येतं, आणि चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला डोंगरावर सासनकाठी, म्हणजे देवाची उंच निशाणकाठी, नेण्याचा मानही. मानाच्या १०८ काठ्यांचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. ‘आमच्या घराण्याचा स्वभावच तापट’ असं आपण म्हणतो, तेव्हा मनात तोच एक धागा असतो. बाकीचे १०२३ जण, त्यातल्या ५१२ बायकांसह, हिशेबातच नाहीत.

अर्थात १०२४ जागा म्हणजे १०२४ वेगळी माणसं, असं नाही. मामाच्या मुलीशी लग्न करायची आपल्याकडे रीत आहे. त्या लग्नातल्या मुलाला पणज्या-पणजोबा आठ नसतात, सहाच असतात. एकच माणूस दोन-दोन जागी बसतो. तरीही गर्दी मोठीच राहते.

इतक्यांकडून आपल्यापर्यंत पोहोचतं किती? डीएनए एकेका अक्षरानं नव्हे, लांबलचक तुकड्यांनी वारशात येतो आणि दर पिढीला त्यात मोजकेच काप पडतात. हजार जणांना पुरतील इतके तुकडे दहा पिढ्यांत होतच नाहीत. म्हणून दहाव्या पिढीतल्या साधारण निम्म्या पूर्वजांचा एकही तुकडा आपल्या अंगात नसतो. आडनावाच्या धाग्यावरून पुरुषांना नेमकं मिळतं ते वाय गुणसूत्र. त्यावर प्रथिनं बनवणारी जनुकं शंभराच्या आसपास. माणसाची एकूण अशी जनुकं सुमारे २०,०००.

आता एकाच घरातल्या भावंडांकडे या. थोरला सासनकाठी खांद्यावर घेऊन हलगीच्या तालावर नाचतो, धाकटा गुलालाला बिचकून भिंतीला चिकटतो. ‘एकाच आईची लेकरं, पण किती वेगळी!’ असं आपण म्हणतो. आकडे पाहिले, तर नवल ती सारखी निघाली असती तर वाटायला हवं होतं. गुणसूत्रांच्या २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक मुलाला मिळणार, कुठलं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार. एका पालकाकडून होणारे मेळ ८३,८८,६०८. दोघांचे मिळून सत्तर लाख कोटी. पृथ्वीवर आजवर जन्मलेल्या सगळ्या माणसांचा अंदाज ११,७०० कोटींच्या आसपास आहे. म्हणजे एका जोडप्याला होऊ शकणारी वेगवेगळी मुलं त्याच्या सहाशे पट. शिवाय गुणसूत्रांना पडणारे काप यात धरलेलेच नाहीत.

मग स्वभाव वारशानं येतो, ही समजूत खोटीच का? नाही. तिच्या मागेही मोठे आकडे उभे आहेत. २०१५ साली जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांतल्या २,७४८ शोधनिबंधांचा एकत्र ताळा मांडला गेला. उंचीपासून मनाच्या कलापर्यंत १७,८०४ गुणांची मोजमापं आणि त्यामागे जुळ्यांच्या १ कोटी ४५ लाख जोड्या, काही एकाहून अधिक वेळा मोजलेल्या. सरासरी आनुवंशिकता निघाली ४९ टक्के. निव्वळ स्वभावाचे अभ्यास पाहिले, तर आकडा ४० टक्क्यांच्या आसपास येतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात टॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून तान्हेपणी ताटातूट झालेल्या शंभराहून अधिक जुळ्या-तिळ्यांचा अभ्यास केला. वेगळ्या घरांत वाढलेली एकसारखी जुळी स्वभावानं जवळजवळ तितकीच मिळतीजुळती निघाली, जितकी एका घरात वाढलेली असतात.

पण ४० टक्के म्हणजे काय, इथे बहुतेकांची गल्लत होते. तुमच्या रागातला ४० टक्के राग आजोबांचा आणि उरलेला तुमचा, असा त्याचा अर्थ नाही. यात्रेला लोटलेल्या लाखो माणसांत कुणी धीट, कुणी भित्रं, कुणी बोलकं, कुणी घुमं असा जो फरक दिसतो, त्या फरकातला साधारण ४० टक्के वाटा जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो. आकडा गर्दीचा आहे. गर्दीतल्या एका माणसाला तो लावता येत नाही.

हा फरक राहतो तरी कुठे? माणसाचा डीएनए ३२० कोटी अक्षरांचा. दर्शनाच्या रांगेतल्या कुठल्याही दोन अनोळखी माणसांची अक्षरं ताडून पाहिली, तर हजारात एखादंच वेगळं निघेल. तेवढ्यानंही तीसेक लाख फरक होतात. त्यातलं ‘रागाचं जनुक’ किंवा ‘उदासीचं जनुक’ शोधायची एके काळी मोठी घाई झाली. २००३ साली न्यूझीलंडमधल्या ८४७ जणांच्या अभ्यासावरून एका जनुकाची नैराश्याशी सांगड घातली गेली आणि जगभर गाजली. २०१९ साली अशी गाजलेली १८ जनुकं लाखो लोकांच्या माहितीवर तपासली गेली. एकही टिकलं नाही. याउलट, काळजी करत राहण्याचा आणि चटकन अस्वस्थ होण्याचा कल २०१८ साली ४,४९,४८४ लोकांत तपासला, तेव्हा डीएनएवर १३६ जागा सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम इतका सूक्ष्म, की साडेचार लाख माणसं गोळा केल्याशिवाय तो दिसलाच नसता.

आणि जनुकांनी सगळं ठरवायचं म्हटलं, तरी त्यांना ते जमणार नाही. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आणि त्यांच्यातल्या जोडण्या शंभर लाख कोटींच्या घरात. अक्षरं मात्र ३२० कोटी. एकेका अक्षराच्या वाट्याला तीस हजारांहून जास्त जोडण्या येतील. इतका बारीक नकाशा त्या अक्षरांत मावतच नाही. जनुकं कल देतात. प्रत्यक्ष जोडण्या घडतात त्या गर्भात, घरात, गल्लीत आणि पुष्कळशा योगायोगानं. म्हणूनच सगळी जनुकं सारखी असूनही एकसारख्या जुळ्यांतलं स्वभावाचं साम्य साधारण निम्म्यावर थांबतं.

कल मात्र लवकर दिसतो. हार्वर्डचे जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज, नवे वास, हलती खेळणी देऊन पाहिलं. पाचांतलं साधारण एक बाळ हातपाय झाडून रडायचं, दोन निवांत असायची. त्या रडणाऱ्यांतली बरीचशी पुढे बुजरी झाली, पण कायम तशीच राहिलेली थोडीच.

तेव्हा गुलालाला बिचकणाऱ्या पोराला ‘आजोबावर गेलाय’ असं म्हणताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तो त्याचा हट्ट नाही, खोडही नाही. जन्माबरोबर आलेला तो कल असू शकतो, म्हणून त्याला ढकलून गर्दीत उभं करू नये. आणि आजोबांवर गेला असलाच, तरी डीएनएच्या हिशेबात आजोबा सरासरी पंचवीसच टक्के. पाऊणभर डीएनए इतरांकडून आलाय आणि जोडण्या तर अजून घडतायत.