अर्धशायी तीनचाकी सायकल

पाठ मागे टेकून व पाय पुढे पसरून चालविण्याची, मानवी शक्तीवर चालणारी तीनचाकी. नेहमीच्या सायकलीत शरीराचा बराचसा भार अरुंद बैठकीवर व काही भार मनगटांवर पडतो; या वाहनात तो नितंब व पाठ यांवर विभागला जातो. तोल सांभाळावा लागत नसल्याने पाठ, मान किंवा मनगटे दुखणाऱ्या व्यक्ती, तसेच वृद्ध व काही अपंग व्यक्तीही ती चालवू शकतात. मात्र आसन शरीराला जुळलेले नसल्यास हा लाभ मिळत नाही आणि वेगही घटतो.

प्रकार : दोन चाके पुढे व एक मागे, किंवा एक पुढे व दोन मागे, अशा दोन रचना आढळतात. पहिलीत आसन जमिनीलगत असते व वळणावर स्थैर्य अधिक मिळते. दुसरीत चढणे-उतरणे सोपे जाते. वेगासाठी बहुधा पहिली रचना पसंत करतात.

इतिहास : शार्ल मोशे या फ्रेंच निर्मात्याच्या अर्धशायी दुचाकीवर फ्रांसिस फोर याने १९३३ मध्ये पॅरिस येथे एका तासात ४५.०५५ किमी. अंतर कापून १९१४ पासूनचा ४४.२४७ किमी. हा उच्चांक मोडला. तथापि १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघाने अशी वाहने अधिकृत स्पर्धांतून वगळली व त्यांचा विकास दीर्घकाळ मंदावला. पुढे ब्रिटिश अभिकल्पक माइक बरोज यांच्या ‘विंडचीटा’ या तीनचाकीवर अँडी विल्किन्सन यांनी १९९६ मध्ये लँड्स एंड ते जॉन ओ ग्रोट्स हा ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास सु. ४१ तासांत केला.

आसन : आसनाची पाठ क्षितिजाशी सामान्यतः ३०° ते ४५° कोन करते. कोन जास्त असल्यास भार नितंबांवर एकवटून तेथे वेदना होतात. फार कमी असल्यास मानेवर ताण येतो व मानेला टेकू द्यावा लागतो. पेडलवर दिलेल्या जोराची प्रतिक्रिया पाठीमार्फत आसनावर पडते. म्हणून कमरेच्या नैसर्गिक वाकाला नेमका आधार हवा व आसन दाबाखाली फार लवचू नये. जाळीदार कापडाचे आसन उष्ण हवेत पाठ कोरडी ठेवते व धक्के शोषते, परंतु सैल पडल्यास वारंवार ताणून घ्यावे लागते. कठीण कवचाचे आसन अधिक ताठ असते. त्यावर हवा खेळेल अशी गादी घालतात.

पेडल व आसन यांतील अंतर पाय सर्वांत लांब असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतके ठेवतात. ते कमी असल्यास गुडघा दुखतो; जास्त असल्यास कंबर डावी-उजवीकडे हलते व शक्ती वाया जाते. उभ्या सायकलीत पेडलवरील जोराला शरीराच्या वजनाची साधारण मर्यादा असते. येथे पाठीला आधार असल्याने ती राहत नाही. त्यामुळे जड गिअरमध्ये जोर लावण्यापेक्षा हलका गिअर घेऊन पाय जलद फिरविणे गुडघ्यांना हितकर ठरते.

वेग : सपाट रस्त्यावर वेगाला मुख्य विरोध हवेचा असतो. उदा., वाहनासह एकूण वस्तुमान १०० किग्रॅ. व वेग ताशी ३० किमी. असताना हवेचा रोध सु. १५ न्यूटन, तर टायरांचा रोध सु. ६ न्यूटन धरता येतो. हवेच्या रोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे आसन मागे कलविणे, हात अंगालगत ठेवणे, फडफडणारे कपडे टाळणे आणि सामान बाजूंऐवजी आसनामागे बांधणे हे उपाय बिनखर्चाचे असूनही परिणामकारक ठरतात.

पुढील दोन चाके समांतर नसतील, तर टायर रस्त्यावर घासत जातात. वेग घटतो व टायर लवकर झिजतात. आसाच्या उंचीवर दोन्ही चाकांच्या कडांतील अंतर पुढे व मागे मोजून हा दोष ओळखता येतो. लांब साखळी, तिच्या मार्गदर्शक कप्प्या व टायरांतील हवेचा दाब यांकडेही लक्ष द्यावे लागते. खडबडीत रस्त्यावर अतिशय कडक टायर उसळतो व आराम आणि वेग दोन्ही कमी करतो. एका वेळी एकच बदल करून, वारा नसताना त्याच उतारावर पेडल न मारता वाहन किती दूर जाते हे मोजल्यास त्या बदलाचा उपयोग समजतो.

मर्यादा : पेडलवर उभे राहता येत नसल्याने चढावर वेग कमी पडतो, मात्र तीनचाकी कितीही मंद गतीने चालविता येते, म्हणून पुरेसा हलका गिअर असावा. वेगात पाय पेडलवरून निसटून सांगाड्याच्या आडव्या नळीखाली सापडल्यास गंभीर दुखापत होऊ शकते. यासाठी पाय पेडलला पट्ट्याने किंवा बुटाच्या तळाच्या खिट्टीने अडकविणे आवश्यक असते. वाहन बुटके असल्याने रहदारीत ते सहज दिसावे म्हणून उंच काठीवर निशाण व मागे दिवा लावतात. आसन जितके मागे कलवावे तितका चालकाला जवळचा रस्ता कमी दिसतो. म्हणून कोन ठरविताना वेगाबरोबर दृष्टीचाही विचार करावा लागतो.