संकल्पित वास्तूचे चित्र : लघुव्यवसायासाठी यंत्रसामग्री व कार्यपद्धती

इमारत उभी राहण्यापूर्वी ती कशी दिसेल, हे जाणून घेण्याची इच्छा घर बांधणाऱ्या कुटुंबास असते, तशीच शाळेच्या नव्या खोल्यांसाठी ठराव करणाऱ्या ग्रामपंचायतीसही असते. वास्तुविशारदाचा नकाशा हे या प्रश्नाचे अचूक उत्तर होय. परंतु तो सर्वांनाच वाचता येतो असे नाही. पूर्वी ही अडचण दूर करण्यासाठी कसबी आरेखक यथादर्शन चित्र काढून ते जलरंगात रंगवीत असत. आज हे काम संगणकावर होते. बोलीत ज्याला ‘थ्रीडी’ काढणे म्हणतात, तेच हे वास्तुदृश्यांकन. जिल्ह्याच्या ठिकाणी, किंबहुना तालुक्याच्या गावीही, दोन-तीन जणांनी मिळून चालविता येण्याजोगा हा व्यवसाय आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून आरेखक (स्थापत्य) हा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या तरुणांना तो विशेष जवळचा वाटावा, हे साहजिकच आहे.

या व्यवसायात जागा, कच्चा माल व गोदाम यांवरील खर्च अल्प असतो. भांडवलाचा मोठा भाग संगणकावर खर्च होतो व तो बहुधा कर्जाऊ असतो. त्यामुळे यंत्राची निवड चुकली तर पहिल्या वर्षीच हप्ते थकण्याची वेळ येते. ही निवड करताना विक्रेत्याचे माहितीपत्रक मार्गदर्शक ठरत नाही. कोणते काम, किती वेळात व कोणत्या सॉफ्टवेअरवर करावयाचे, हे आधी ठरवावे लागते. यंत्र कामावरून ठरवावे, काम यंत्रावरून नव्हे, हे या व्यवसायाचे पहिले सूत्र आहे.

चित्र तयार होते कसे?

संगणकात प्रथम इमारतीचे त्रिमित प्रारूप बांधले जाते. मग भिंती, फरशी, काच, लाकूड यांचे पोत त्यावर चढविले जातात, सूर्य व दिवे यांची योजना केली जाते आणि कॅमेऱ्याची जागा ठरते. यानंतरच्या क्रियेस रेंडरिंग म्हणतात. तीत प्रकाशकिरण कोठून निघून कशावर आपटतो व डोळ्यापर्यंत कसा पोहोचतो, याचे गणित चित्रातील प्रत्येक बिंदूसाठी केले जाते. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये किरणांचा माग काढण्याची रीत प्रसिद्ध केली आणि जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये प्रकाशाच्या या व्यवहाराचे सर्वसाधारण समीकरण मांडले. आजची बहुतेक वास्तववादी रेंडरिंग सॉफ्टवेअरे याच पायावर उभी आहेत.

या गणितात किरणांचे नमुने यदृच्छेने घेतले जातात. नमुने थोडे असतील तर चित्रावर वाळू भुरभुरल्यासारखे ठिपके दिसतात. हे ठिपके निम्म्यावर आणावयाचे असतील, तर नमुने दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. म्हणजेच दर्जातील शेवटची थोडीशी वाढ सर्वांत महाग पडते. ठिपके पुसून टाकणारी स्वयंचलित साधने आता बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतात. त्यांचा उपयोग अवश्य करावा; मात्र त्यांचा अतिरेक झाल्यास विटांचे सांधे व लाकडाच्या रेषाही पुसल्या जातात.

प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड?

हे गणित संगणकाचा मुख्य प्रोसेसर करू शकतो किंवा ग्राफिक्स कार्ड करू शकते. प्रागमध्ये विकसित झालेले कोरोना हे सॉफ्टवेअर मुख्यतः प्रोसेसरवर चालते. बल्गेरियातील व्ही-रे आणि ब्लेंडरमधील सायकल्स यांना दोन्ही मार्ग खुले आहेत. ल्युमिऑन, ट्विनमोशन व एन्स्केप ही झटपट चित्र देणारी सॉफ्टवेअरे ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असतात. एनव्हीडिया कंपनीने २०१८ मध्ये किरणांच्या गणितासाठी स्वतंत्र विभाग असलेली कार्डे बाजारात आणली, तेव्हापासून लहान व्यावसायिकांचा कल कार्डाकडे अधिक झुकला आहे.

म्हणून सॉफ्टवेअर आधी व यंत्र नंतर, असा क्रम असावा. कोरोनावर काम करणाऱ्याने महागडे कार्ड घेणे जसे व्यर्थ, तसेच ल्युमिऑन वापरणाऱ्याने अनेक कोअरच्या प्रोसेसरवर पैसा ओतणेही व्यर्थ होय. सॉफ्टवेअरच्या वार्षिक शुल्काचाही हिशेब करावा. ब्लेंडर हे मूळचे नेदरलँड्समधील सॉफ्टवेअर २००२ पासून मुक्त स्वरूपात, विनामूल्य उपलब्ध आहे. ते शिकण्यास काही महिने द्यावे लागतात, परंतु नवख्या व्यावसायिकाचे भांडवल त्यामुळे यंत्रासाठी मोकळे राहते.

प्रारूप बांधण्याचे काम आणि रेंडरिंग यांच्या गरजाही भिन्न आहेत. प्रारूप बांधताना बहुतांशी प्रोसेसरचा एकच कोअर राबत असतो, त्यामुळे तेथे कोअरच्या संख्येपेक्षा प्रत्येक कोअरचा वेग महत्त्वाचा ठरतो. प्रोसेसरवरील रेंडरिंगमध्ये मात्र सर्व कोअर एकाच वेळी कामास लागतात. दिवसभर आरेखन करणाऱ्या व्यक्तीस मध्यम कोअरचा, पण वेगवान प्रोसेसर द्यावा आणि रात्रीच्या रेंडरिंगसाठी दुसरे यंत्र राखावे, ही व्यवस्था लहान कार्यालयास सोयीची पडते. नवे यंत्र घेतल्यावर जुने विकून टाकण्याऐवजी त्यास रात्रपाळीवर लावता येते.

स्मृतीचा हिशेब

कार्ड घेताना त्याच्या वेगाइतकेच लक्ष त्याच्या स्मृतीकडे द्यावे. भिंतीच्या पोताचे ४०९६ × ४०९६ बिंदूंचे एक चित्र फाईल म्हणून लहान दिसले, तरी उघडल्यावर साधारणपणे ६४ मेगाबाइट जागा व्यापते. अशी शंभर चित्रे एका दृश्यात असतील तर ६,४०० मेगाबाइट केवळ पोतांनाच लागतात, आणि ८ गिगाबाइटचे कार्ड जवळजवळ भरून जाते. स्मृती अपुरी पडली म्हणजे रेंडरिंग अतिशय मंदावते किंवा बंद पडते. दोन कार्डे बसविली तरी सामान्यतः त्यांची स्मृती एकत्र होत नाही, कारण प्रत्येक कार्डास संपूर्ण दृश्य आपल्याकडे ठेवावे लागते.

यावर खर्चाविना उपायही आहेत. दूरच्या कंपाउंडाच्या भिंतीस ४०९६ बिंदूंच्या पोताची गरज नसते. १०२४ बिंदूंचा पोत सोळापट कमी जागा घेतो. एकच झाड शंभर ठिकाणी लावावयाचे असल्यास त्याच्या शंभर प्रती न करता मूळ झाडाचा संदर्भ शंभरदा देता येतो. अशा शिस्तीने साध्या कार्डावरही मोठी कामे निघतात.

वीज, उष्णता व साठवण

सहाशे वॅट वीज खाणारे यंत्र खोलीत सहाशे वॅटच्या शेगडीइतकीच उष्णता सोडते. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखात ही बाब दुर्लक्षिता येत नाही. हवा खेळती नसेल तर यंत्र आपला वेग आपणहून कमी करते व मोजलेली किंमत वाया जाते. यूपीएस घेताना व्होल्ट-अँपिअरचा आकडा न पाहता वॅटचा आकडा पाहावा. दोन्ही सारखे नसतात.

चलचित्राचे रेंडरिंग करताना थेट चित्रफीत न बनविता प्रत्येक चौकट स्वतंत्र चित्र म्हणून साठवावी. मध्यरात्री वीज गेली तर केवळ चालू चौकट वाया जाते, आधीच्या शाबूत राहतात व काम तेथूनच पुढे सुरू होते. कामाच्या एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर व त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर, हा साठवणीचा नियम प्रत्येक व्यावसायिकाने पाळावा. यंत्र पुन्हा विकत घेता येते, सहा महिन्यांचे काम घेता येत नाही.

कामाचे चार टप्पे

यंत्राच्या वेगापेक्षा कामाची पद्धत अधिक वेळ वाचविते, हे पुढील हिशेबावरून दिसून येईल. एका मिनिटाच्या चलचित्रात सेकंदास २५ याप्रमाणे १,५०० चौकटी असतात. प्रत्येक चौकटीस ४ मिनिटे धरल्यास ६,००० मिनिटे, म्हणजे १०० तास लागतात. सहाशे वॅटच्या यंत्रास ६० युनिट वीज लागते. काम पूर्ण झाल्यावर ग्राहकाने खिडकीची जागा चुकल्याचे दाखविले, तर हे १०० तास पुन्हा खर्ची पडतात. दुप्पट किमतीचे यंत्र घेऊन वेळ निम्म्यावर आली, तरी दोनदा केलेले काम पुन्हा १०० तासांवरच जाते.

याउलट, आधी चाचणी घेतली तर? चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली की बिंदू चौथाई होतात व चौकटीस सुमारे १ मिनिट लागते. दर दहावी चौकट काढल्यास १५० चौकटी, म्हणजे अडीच तास. अडीच तासांची ही चाचणी १०० तासांचा अपव्यय टाळते.

म्हणून कामाचे चार टप्पे पाडावेत. पहिल्या टप्प्यात नकाशे, दर्शनी आराखडे व मोजमापे तपासून शंका लेखी विचाराव्यात. दुसऱ्यात रंग-पोत न देता पांढरे प्रारूप व कॅमेऱ्याच्या जागा दाखवून मान्यता घ्यावी. या टप्प्यावर खिडकी हलविणे काही मिनिटांचे काम असते. तिसऱ्यात पोत व प्रकाश लहान आकाराच्या चित्रात दाखवावेत. चौथ्यात अंतिम चित्र द्यावे. प्रत्येक टप्प्याची मान्यता लेखी असावी आणि किती फेरबदल मोबदल्यात समाविष्ट आहेत, हे प्रारंभीच ठरवावे. चित्र कोठे वापरले जाणार, हेही तेव्हाच विचारावे. ए-३ कागदावर उत्तम छपाईसाठी सुमारे ४,९६० × ३,५०८ बिंदू लागतात. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहावयाच्या चित्रास एवढ्याची मुळीच आवश्यकता नसते.

काम अंगावर आलेच, तर भाड्याने रेंडरिंग करून देणाऱ्या सेवा आहेत. परंतु सेकंदास १० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून १० गिगाबाइटचे काम पाठविण्यासच सुमारे सव्वादोन तास लागतात, हे ध्यानात घेऊन वेळापत्रक आखावे.

चित्राची जबाबदारी

दृश्यांकन हे ग्राहकास एक प्रकारे दिलेले वचन असते. रुंद कोनाच्या कॅमेऱ्याने दहा फुटांची खोली पंधरा फुटांची भासविता येते; पलंग आखूड केला की शयनगृह ऐसपैस दिसते; शेजारची इमारत व विजेच्या तारा चित्रातून सहज नाहीशा करता येतात. आयुष्याची पुंजी गुंतविणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही क्षुल्लक बाब नव्हे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार, जाहिरातीतील वा माहितीपत्रकातील खोट्या माहितीवर विसंबून रक्कम भरणाऱ्यास नुकसान झाल्यास प्रवर्तक भरपाई देण्यास बांधील असतो. जबाबदारी प्रवर्तकाची असली, तरी चित्रकाराने मान्य नकाशाची प्रत दप्तरी ठेवणे व तिच्याबाहेर न जाणे उभयतांच्या हिताचे आहे.

प्रकाशाबाबतही हेच म्हणता येईल. युरोपातील आकाशाची तयार चित्रे वापरल्यास तेथील कलते ऊन इकडच्या घरांवर पडलेले दिसते. पुण्यात २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य दक्षिणेस सुमारे ४८ अंशांवर असतो, तर २१ जूनच्या मध्यान्ही तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो व दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडत नाही. गावाचे अक्षांश-रेखांश, तारीख व वेळ दिल्यास सॉफ्टवेअर सूर्य योग्य जागी बसविते. मग वर्गखोलीत दुपारी ऊन कोठवर येईल, व्हरांड्याचा सज्जा पुरेसा आहे काय, याचे विश्वासार्ह उत्तर त्याच चित्रातून मिळते. दृश्यांकनाचा खरा लोकोपयोग येथे आहे.

पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी अशी चित्रे पाहताना माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून घेतलेले दृश्य मागावे, ते नकाशाशेजारी ठेवून पाहावे आणि चित्रातील माणसे, बाके व दरवाजे प्रमाणात आहेत की नाहीत, हे तपासावे. चित्र सुंदर असले तरी ते तांत्रिक मान्यतेची वा अंदाजपत्रकाची जागा घेऊ शकत नाही.

भांडवलाची उभारणी

लघुउद्योगाची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून संगणकीय पद्धतीने विनामूल्य करता येते. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख व तरुण गटात १० लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. प्रकल्प अहवाल तयार करण्यासाठी जिल्हा उद्योग केंद्राचे मार्गदर्शन घेता येते. अहवालात यंत्राच्या किमतीबरोबर सॉफ्टवेअरचे शुल्क, यूपीएस, साठवणीची साधने, वीज व दुरुस्ती यांचीही तरतूद दाखवावी. बहुसंख्य नवे व्यावसायिक नेमकी हीच बाजू विसरतात.

प्रारंभी मध्यम यंत्र, पुरेशी स्मृती व टप्प्याटप्प्याने मान्यता घेण्याची काटेकोर पद्धत एवढे भांडवल पुरे होते. काम वाढेल तसे दुसरे यंत्र जोडता येते. नकाशाशी प्रामाणिक राहणाऱ्या चित्रामुळे मिळणारा ग्राहकाचा विश्वास मात्र पहिल्या कामापासूनच जोडावा लागतो.