दुबळा हात पुन्हा शिकतो

गोंदिया जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आढळतात. या आजारात विळ्याच्या आकाराच्या झालेल्या तांबड्या पेशींमुळे कधी मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडते. म्हणून तिरोड्याच्या एखाद्या शाळकरी मुलालाही पक्षाघात होऊ शकतो.

रक्त न मिळालेल्या चेतापेशी मरतात. त्या पुन्हा जिवंत होत नाहीत. मग काही आठवड्यांनी त्या मुलाची बोटे हलू कशी लागतात? शेजारच्या पेशी नवे फाटे फोडतात, नव्या जोडण्या करतात आणि गेलेल्या पेशींचे काम काही अंशी उचलतात. धानाच्या बांधीकडे जाणारा पाट बुजला, की आपण पाणी दुसऱ्या वाटेने आणतो, तसेच हे.

पण ही वाट वापरानेच टिकते. रँडॉल्फ न्यूडो आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली माकडांवर केलेल्या प्रयोगात हे दिसले. दुबळ्या हाताला सराव दिला, तेव्हा मेंदूतील हाताचा उरलेला भाग टिकला. काही माकडांत तर तो वाढला. सराव नसता तो आक्रसत असे.

असे मूल आपल्या वर्गात आले, तर त्याची वही आपण घाईने लिहून देऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच हाताने खडू उचलू द्यावा, आणि थोडे थांबावे.