‘याड लागलं’ची सुरुवात नीट ऐका

नांदेड-लातूरच्या वरातींनी ‘सैराट’मधलं (२०१६) ‘झिंगाट’ डोक्यावर घेतलं. मला मात्र त्याच चित्रपटातल्या ‘याड लागलं’च्या सुरुवातीचा वाद्यवृंदाचा तुकडा जास्त मोलाचा वाटतो! संगीतकार अजय-अतुल यांनी या चित्रपटाच्या गाण्यांसाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला.

हा तुकडा ऐकताना त्याची लय आणि पट्टी स्वतः शोधून पाहा. लय काढायची तर १५ सेकंदांतले ठोके मोजून चारने गुणा. पट्टीसाठी चाल जिथं विसावते तो सूर गुणगुणा आणि भजनी मंडळाच्या पेटीवर शोधा. काळी की पांढरी, लगेच कळतं. पण गाण्याचा भाव लय आणि पट्टीच्या पलीकडेही असतो, कोणतं वाद्य कधी येतं यात. आणि ‘सैराट’च्या शेवटच्या प्रसंगात तर संगीतच नाही! चित्रपटातला सर्वांत धीट सांगीतिक निर्णय तोच.

हेडफोन लावून ऐका आणि तुम्हाला कोणती पट्टी सापडली ते खाली जरूर लिहा.