अग्निवीर मुलाचं अर्धवट कॉलेज वाया जाऊ देऊ नका



आपल्या दिंद्रुड-माजलगाव भागात बारावीनंतर कॉलेजात नाव घालायचं आणि सोबत भरतीची तयारी करायची, हे नवीन नाही. एफ.वाय. होतं, तेवढ्यात भरतीत निवड होते आणि कॉलेज मागे राहतं. आता त्याच पोरांच्या परतण्याचा प्रश्न आहे.

अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. प्रशिक्षण धरून सेवा ४ वर्षांची, आणि कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या सुरुवातीला गेल्या, म्हणजे त्यांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून संपते. मुलगा घरी येईल तेव्हा हातात सेवा निधीचे व्याजासह साधारण ११.७१ लाख रुपये असतील. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यामुळे माजी सैनिकांच्या कोट्यातून प्रवेश मिळेल, या भरवशावर राहू नका. पीएसआय किंवा राज्यसेवेचा फॉर्म भरायचा तर पदवी लागतेच.

मग पुन्हा पहिल्यापासून शिकायचं का? तशी गरज नाही. पण त्यासाठी तीन गोष्टी समजून घ्या.

पहिली, विद्यापीठ बदलतंय का ते पाहा. बीड जिल्ह्यातली कॉलेजं छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येतात. शेजारचा परभणी जिल्हा मात्र नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात. माजलगावात प्रथम वर्ष केलं आणि आता बीडला जायचं, तर कॉलेज बदललं, विद्यापीठ तेच राहिलं. परभणीला जायचं, तर विद्यापीठच बदललं. तेव्हा जुन्या कॉलेजची टी.सी., जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट, सगळे मार्क मेमो आणि मधल्या वर्षांचं गॅप सर्टिफिकेट लागतं. नवं विद्यापीठ जुना अभ्यासक्रम तपासून पात्रता देतं. मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला असेल, तर एखाद-दुसरा पेपर जास्तीचा द्यावा लागू शकतो.

दुसरी, क्रेडिटची मुदत. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं चालतात. २०२२ मध्ये प्रथम वर्ष पास झालेल्या मुलाची मुदत २०२९ पर्यंत. त्यातली ४ वर्षं फौजेत गेली. परतल्यावर दोन वर्षं नुसती इकडे-तिकडे गेली, तर हिशोब संपला. शिवाय क्रेडिट विद्यापीठ जमा करतं, आपण नाही. डिजिलॉकरमध्ये खातं आहे म्हणजे क्रेडिट आलेच, असं समजू नका. उघडून बघा. दिसत नसतील, तर पीआरएन नंबर घेऊन कॉलेजच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणखी एक लक्षात ठेवा. या पद्धतीत जे विद्यापीठ पदवी देणार, तिथून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवावे लागतात. म्हणून शेवटच्या वर्षाला विद्यापीठ बदलायचा विचार करू नये.

तिसरी, इग्नूची पदवी. सेवेतल्या अग्निवीरांसाठी ३ वर्षांची कौशल्याधारित पदवी आहे. निम्मे क्रेडिट फौजेतल्या प्रशिक्षणाचे, निम्मे विषयांच्या अभ्यासाचे. पहिल्या वर्षाचे पेपर झाले तर सर्टिफिकेट, दुसऱ्याचे झाले तर डिप्लोमा, तिसऱ्याला पदवी. पण प्रशिक्षणाचे ते क्रेडिट साध्या बी.ए.ला किती धरायचे, हे नवं विद्यापीठ ठरवतं. म्हणून ही पदवी घेतली असेल, तर ती तिथेच पुरी करणं सोयीचं.

आता घरच्यांनी काय करायचं? मुलगा ड्युटीवर आहे, अर्जामागे फिरायला त्याला वेळ नाही. तो सुट्टीवर येईल तेव्हा डिजिलॉकर त्याच्यासोबत बसून तपासा. मार्क मेमो एका फाईलमध्ये लावा. टी.सी. आणि मायग्रेशन मात्र कुठे प्रवेश घ्यायचा ते पक्कं झाल्यावरच काढा, कारण ते काढलं की जुन्या ठिकाणचं नाव कमी होतं. सेवामुक्तीची तारीख आणि जून-जुलैचे प्रवेश यांचा मेळ आधीच घाला. सेवामुक्तीचा कागद, फौजेतलं कौशल्याचं सर्टिफिकेट यांच्या झेरॉक्स वेगळ्या ठेवा.

"पैसे द्या, थेट तिसऱ्या वर्षाला बसवतो" म्हणणारे एजंट सेवा निधीचा वास लागला की दारात येतील. त्यांना एकच विचारा, पात्रतेचं पत्र विद्यापीठाच्या सही-शिक्क्याचं आहे का? नसेल तर चहा पाजून परत पाठवा. चार वर्षांच्या मेहनतीचा हलालचा पैसा आहे, तो तालमीवरच खर्च व्हावा.