बायोलॉजिकल एज: त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

आजचा प्रश्न पैशांचा आहे: 'तुमचं खरं वय' सांगणारं टेस्ट किट घ्यावं का? आधी त्यात मोजतात काय ते बघू.

मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून उदाहरण तिथलंच. तुमच्या डोळ्यातल्या आणि यकृतातल्या पेशींत सोर्स कोड एकच, म्हणजे डीएनए. पण प्रत्येक पेशी त्यातल्या वेगळ्या ओळी चालवते, बाकीच्या कमेंट करून ठेवलेल्या. अशी एक खूण म्हणजे मिथाइल गट: एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस. तो डीएनएच्या सायटोसिन या अक्षरावर बसतो. अक्षर बदलत नाही, पण जनुकाच्या सुरुवातीला अशी गर्दी झाली की ते सहसा गप्प होतं.

वयानुसार या खुणा काही ठिकाणी पुसल्या जातात, काही ठिकाणी वाढतात. २०१३ मध्ये स्टीव्ह हॉर्व्हथ यांनी अशा ३५३ जागांवरून वय सांगणारं सूत्र मांडलं. रक्त द्या नाहीतर मेंदूचा तुकडा, निम्म्या नमुन्यांत चूक ३.६ वर्षांच्या आत! ज्यांचं हे घड्याळ पुढे धावतं, त्यांच्या गटात मृत्यूचं प्रमाणही जास्त दिसलंय.

सवयींचे डागही दिसतात. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात एएचआरआर या जनुकावरचं मिथाइल कमी होतं. सोडली की हळूहळू, काही वर्षांत, बरंचसं परत येतं. मला हे सगळ्यात भारी वाटतं.

पण खुणा म्हातारपण आणतात, की नुसती नोंद ठेवतात? लॉग फाइल एडिट करून बग जात नाही ना. २०२० मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड सिंक्लेअर यांच्या गटाने उंदरांच्या डोळ्यात तीन जनुकं चालू केली, आणि म्हाताऱ्या उंदरांची नजर सुधारली. मिथाइल पुसायला मदत करणारी एन्झाइम्स काढून घेतली तेव्हा मात्र फायदा दिसेना. म्हणजे निदान तिथे तरी ही नुसती लॉग फाइल नव्हती. अर्थात, उंदीर.

आता किट. एकच नमुना दोनदा तपासला तर काही घड्याळांत ९ वर्षांपर्यंत फरक येतो, असं २०२२ च्या एका अभ्यासात आढळलं. मग गोळ्या खाऊन कुणी 'तीन वर्षांनी तरुण झालो' म्हणालं, तर ते कशावरून? हजारो माणसांच्या अभ्यासात असा गोंधळ सरासरीत जिरतो, तुमच्या एकट्याच्या रिपोर्टमध्ये जिरत नाही. म्हणून मी तरी अजून किट मागवलेलं नाही.