कुत्रीचं बाळंतपण : हात कमी, घड्याळ जास्त

भाद्रपदात गल्लीत जो धुमाकूळ चालतो, त्याचा हिशेब कार्तिक-मार्गशीर्षात लागतो. जिन्याखाली, नाहीतर पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या गाडीखाली पिल्लं कुईकुई करू लागतात आणि इमारतीतला प्रत्येकजण एका रात्रीत सुईण होतो. आमच्याकडची काळी व्याली, तेव्हा रात्री अकरा वाजता तिच्याभोवती सात माणसं होती. एकजण गरम पाण्याची बादली घेऊन आला होता. ती कशासाठी, हे त्यालाही सांगता येईना.

"त्रेसष्टाव्या दिवशी विणारच," असं त्यातल्या एकाने ठामपणे सांगितलं. हा गैरसमज अर्धाच खोटा आहे. ६३ दिवस खरे, पण ते स्त्रीबीज सुटल्यापासूनचे. आपण मोजतो कुत्रा लागल्यापासून. कुत्र्याचे शुक्रजंतू मादीच्या पोटात आठवडाभर तग धरू शकतात, शिवाय सुटलेलं बीज पक्व व्हायला दोनेक दिवस घेतं. त्यामुळे आपल्या मोजणीने पिल्लं ५७व्या दिवशी येतात, तशी ७२व्या दिवशीही.

कास भरली, दूध आलं, म्हणजे आज रात्रीच, हेही खरं नाही. कुणाला चार दिवस आधी दूध येतं, कुणाला पिल्लं झाल्यावरच. आणि कुणाला पोटात काहीच नसताना येतं. माजानंतर दोनेक महिन्यांनी गाभण नसलेली कुत्रीही कोपरा उकरते, दूध धरते, चपलेला कुशीत घेऊन गुरगुरते. ही खोटी गर्भधारणा. शंका असेल तर २५ दिवसांनंतर सोनोग्राफी करावी. पिल्लं किती, हे मात्र ५५व्या दिवसानंतरचा एक्स-रे जास्त नीट सांगतो. आणि तो आकडा हाती असणं फार मोलाचं, नाहीतर "झाली का सगळी?" या प्रश्नावर पहाटेपर्यंत वाद चालतो.

घरातल्या कुत्रीसाठी थर्मामीटर हा कॅलेंडरपेक्षा बरा ज्योतिषी. तिचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. विण्याआधी प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि पारा ९९च्या खाली येतो. बहुधा पुढच्या १२ ते २४ तासांत कळा सुरू होतात. ही घसरण काही तासांचीच असते, म्हणून शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ मोजायला हवं. एकदाच मोजून काही कळत नाही. काळीला थर्मामीटर लावायला कोण धजणार होतं, हा भाग वेगळा.

मग कुत्री जेवण टाकते, धापा टाकते, थरथरते, फरशी उकरते, कधी ओकते. "हिला काहीतरी बाधलंय," म्हणून लोक घाबरतात. बाधलेलं काही नसतं. आत गर्भाशयाचं तोंड उघडत असतं. हे ६ ते १२ तास चालतं, पहिलटकरीण असेल तर २४ तासही. बाहेरून कळ दिसत नाही, म्हणून "अडली, अडली" सुरू होतं, आणि इथेच सगळ्यात घातक सल्ला येतो: इंजेक्शन द्या. म्हणजे ऑक्सिटोसिन, गोठ्यांतून पान्हा सोडवायला गैरमार्गाने वापरलं जातं तेच. पिल्लू वाटेत आडवं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं. ते देणं डॉक्टरचं काम, तेही तपासल्यानंतरचं.

आपल्याकडे पायांकडून जन्मलेल्या माणसाला पायाळू म्हणतात आणि त्याच्यामागे विजेपासून पाणाड्यापर्यंत काय काय लावून देतात. कुत्र्यांत यात नवल काहीच नाही: सुमारे दहातली चार पिल्लं पायाळूच असतात. मागचे दोन पाय आधी दिसले म्हणजे पिल्लू उलटं आलंय असं समजून ढकलाढकली, ओढाओढ करू नये. पाय पोटाशी दुमडून नुसती शेपटी पुढे आली, तर मात्र ती अडचण खरी.

मग करायचं काय? घड्याळ बघायचं. दिसतील अशा जोरदार कळा २०-३० मिनिटं येऊनही पिल्लू नाही, किंवा आत पिल्लं आहेत आणि दोन तास उलटले, तर डॉक्टरला फोन. पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव दिसला तर दोन तासही थांबू नये, कारण वार सुटलेली असते आणि आतल्या पिल्लाचा प्राणवायू तुटत असतो. तोच रंग पहिलं पिल्लू झाल्यावर दिसला तर घाबरायचं कारण नाही; तो वारेतलाच रंग.

"निसर्ग बघून घेतो," हे वाक्य मी गावठी कुत्रीपुरतं बरंचसं मान्य करीन. पण २००३च्या हच मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर हौसेने आणलेले पग किंवा बुलडॉग निसर्गाने नाही, माणसाने घडवले आहेत. डोकं मोठं, कंबर अरुंद. ब्रिटनमधल्या २०१०च्या एका पाहणीत बुलडॉगची दहातली आठहून जास्त वेतं सिझेरियननेच झालेली आढळली. अशा कुत्रीसाठी डॉक्टर आधीच ठरलेला हवा.

पिल्लू आलं की आई पिशवी फाडते, नाळ तोडते, चाटते. मिनिटभरात तिने फाडली नाही, तर आपण नाकाकडून फाडावी, तोंड-नाक पुसावं, टॉवेलने खसखसून चोळावं. नाळ तोडावीच लागली तर पोटापासून इंचभरावर दोरा बांधून पलीकडे कापावी. पिल्लाला पाय धरून झोके देण्याची जुनी युक्ती विसरावी, मेंदूला इजा होते. वार खाणं कुत्रीसाठी औषधही नाही आणि विषही नाही; एकदोन खाल्ल्या तर बिघडत नाही, सगळ्या खाल्ल्या तर जुलाब होतात. वारा मात्र मोजाव्यात.

माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हेही खोटं. सात जणांच्या गराड्याने ती बिथरते आणि पिल्लं उचलून दुसरीकडे नेते, हे खरं. काळीनेही एकदा नेलंच.

पिल्लं भुकेपेक्षा थंडीने जास्त लवकर मरतात. पहिल्या दिवसांत त्यांना कुडकुडताही येत नाही. पहिला आठवडा भोवती २९ ते ३२ अंश सेल्सियस ऊब लागते. गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घालणं म्हणजे माया नव्हे. त्याचं आतडं थांबलेलं असतं आणि दूध फुफ्फुसात जातं. आधी ऊब, मग आईचा चीक, तोही पहिल्या काही तासांत. गाईचं दूध फारसं कामाचं नाही, कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि चरबी त्याच्या दुप्पट असतात.

कॅल्शियमचं औषध गाभणपणी पाजण्याची आपल्याकडे भारी आवड. त्याने उलटंच होतं: हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची सवय मोडते आणि दूध जोरात सुरू झालं की रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. बाळंतपणानंतर पहिल्या तीन-चार आठवड्यांत कुत्री ताठरली, थरथरली, तापली, तर तो दवाखान्यात धावण्याचा प्रसंग. लहान जातींत हे जास्त दिसतं. आणि बाळंतिणीला शिरा नेणाऱ्या आजींना एकच विनंती: बेदाणे घालू नका. बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

काळीचं पाचवं आणि शेवटचं पिल्लू पहाटे चारला आलं, पायाळू. गार होतं. बादलीवाल्याने पाणी पुन्हा तापवून दोन बाटल्यांत भरलं, बाटल्यांवर स्वतःचे लोकरी मोजे चढवले आणि पिल्लाच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या.